नॉफ्लर ऐकणाऱ्या नागपूरकरांवरचा खटला

ब्रिटिश गिटारवादक-गायक मार्क नॉफ्लरला नकाशावर नागपूर दाखवता येईल असं मला वाटत नाही. नागपुरात मात्र सध्या त्याच्या नावानं दोन तट पडले आहेत. निमित्त किरकोळ आहे. पन्नाशी-साठीतले काही चाहते आणि त्यांच्या अर्ध्या वयाची काही पोरं मधूनमधून जमतात, त्याच्या डायर स्ट्रेट्स या बँडची आणि त्यानंतरची त्याची गाणी लावतात, दोघं-तिघं गिटार घेऊन येतात, आणि मग रात्री उशिरापर्यंत वाद घालत बसतात. हे दिवाणखान्यात चाललं होतं तोवर कोणाचं काही बिघडलं नाही. एखाद्या सभागृहात जाहीर कार्यक्रम करावा अशी टूम निघाली आणि ठिणगी पडली. ‘काहून बे, घरचं सरलं का?’ हा पहिला सवाल. इकडे आपल्या विदर्भातली लोकनाट्यं बघा : दंडार अखेरच्या घटका मोजते आहे, खडी गंमतीचे शाहीर हलाखीत दिवस काढताहेत, आणि तुम्ही पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका इंग्रजासाठी माना डोलावता? आणि लोकांच्या पैशातून उभी राहिलेली सभागृहं असल्या परदेशी लाडांना सवलतीत का द्यायची? यावर चाहत्यांचं उत्तर ठरलेलं : संगीताला भाषा नसते, संगीताला सीमा नसतात. समोरचा म्हणतो, गोऱ्यांची गुलामी झाकायचं हे पांघरूण आहे. चाहता म्हणतो, तुम्ही कूपमंडूक. तिथून पुढे चर्चा जात नाही.

खटला भरणारे आणि बचाव करणारे, दोघांनीही कागदपत्रं वाचलेली नाहीत ही माझी तक्रार आहे. मला चाहत्यांचीच बाजू घ्यायची आहे, पण त्यांचा वकील बदलून. संगीताला भाषा असते. त्याला गाव असतं, जात-वर्ग असतो, त्यात घरभाडं, पगार, मंदी, टाळेबंदी सगळं असतं. नॉफ्लरची गाणी तर या ऐवजानं काठोकाठ भरलेली आहेत. म्हणूनच नागपूरच्या माणसानं ती नीट ऐकली, दुसऱ्याला ऐकवली, त्यांच्यावरून भांडण काढलं, तर त्याला त्याचं स्वतःचं शहर अधिक स्पष्ट दिसायला लागतं. अशा प्रेमाला उसनं म्हणणं मला मान्य नाही. न ऐकताच टाळ्या पिटणाऱ्याला मात्र वाचवायला मी जाणार नाही.

आधी ‘उसनं’ या आरोपाकडे पाहू. नॉफ्लरचा जन्म 1949 चा, ग्लासगोचा. वडील नाझींच्या छळामुळे परागंदा झालेले हंगेरीचे ज्यू वास्तुविशारद, आई इंग्रज शिक्षिका. वाढला तो इंग्लंडच्या ईशान्येला, ब्लाइथ-न्यूकॅसलच्या कोळसा आणि जहाजांच्या टापूत. पोरवयात वेड लागलं ते इंग्रज गिटारवादक हँक मार्व्हिनच्या लाल फेंडर गिटारचं. ती परवडण्यासारखी नव्हती. वडिलांनी पन्नास पौंडांची हॉफ्नर घेऊन दिली. ती लाल असली पाहिजे हा हट्ट मात्र पोरानं सोडला नाही. पुढे कानात बसले ते चेट अ‍ॅटकिन्स, जे. जे. केल, बॉब डिलन, म्हणजे सगळे अमेरिकेचे. हंगेरियन बापाचा, स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, उत्तर इंग्लंडात वाढलेला हा पोरगा अमेरिकेचं संगीत वाजवत मोठा झाला. मग हा कोणाचा? त्याचं ‘घरचं’ नेमकं कोणतं, आणि ते सोडून तो कुठे गेला?

त्याहून गमतीची गोष्ट अशी की, ज्या गाण्यानं 1978 मध्ये त्याचं नाव झालं ते ‘सुलतान्स ऑफ स्विंग’ हे गाणंच मुळी या वादावर आहे. पावसाळी रात्र, दक्षिण लंडनमधला जवळजवळ रिकामा पब, आणि कोपऱ्यात न्यू ऑर्लिन्सच्या धाटणीचं जुनं जॅझ वाजवणारी काही सामान्य माणसं. त्यातल्या एकाची दिवसा नोकरी आहे आणि ती बरी चालली आहे. तरुण पोरं नटूनथटून आलेली आहेत, त्यांना या ट्रम्पेटवाल्यांशी काही देणंघेणं नाही. तरी ही माणसं वाजवतात, आणि शेवटी आपल्या बँडचं भारदस्त नाव जाहीर करून घरी जातात. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या वादकांनी घडवलेलं संगीत, समुद्रापलीकडच्या एका उपनगरात, श्रोते नसताना, नोकरी सांभाळून वाजवायचं! धरमपेठेत शनिवारी रात्री बँकेची नोकरी आटोपून गिटार काढणारा माणूस या गाण्याबाहेर कुठे आहे? तो त्यातलंच एक पात्र आहे. त्याला ‘हे तुझं नव्हे’ म्हणणाऱ्यानं आधी ते गाणं ऐकावं. आणि गंमत म्हणजे कित्येक चाहत्यांनीही ते गिटारच्या सोलोपुरतंच ऐकलेलं असतं.

हे गाणं जगापुढे आलं तेही एका चाहत्यामुळेच. 1977 मध्ये डायर स्ट्रेट्सच्या चार कफल्लक पोरांनी आपली टेप बीबीसी रेडिओ लंडनचा निवेदक चार्ली जिलेट याच्याकडे नेली, ती सल्ला मागायला. त्यानं ती ऐकली आणि सरळ आपल्या कार्यक्रमात लावली. मग रेकॉर्ड कंपन्यांची पावलं तिकडे वळली. एका ऐकणाऱ्यानं बाकीच्या ऐकणाऱ्यांना ‘हे ऐकाच’ म्हटलं, एवढंच तिथे घडलं. नागपुरातल्या बैठकीत याहून वेगळं काय चालतं?

आता विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा. ते ‘परदेशी’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बऱ्याचदा ‘उच्चभ्रू’ असतं, आणि ते चुकीचं नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत नागपुरात रॉकच्या कॅसेट कोणाच्या घरी होत्या? सिव्हिल लाइन्स, रामदासपेठ, धरमपेठ; ज्यांचा एखादा काका परदेशात होता त्यांच्याकडे; आणि व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजच्या, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीच्या, नाहीतर मेडिकलच्या हॉस्टेलांत. त्याच काळात इंदोऱ्यात, पाचपावलीत भीमगीतांचे आणि कव्वालीचे मुकाबले पहाटेपर्यंत रंगत. रॉकवाल्यांपैकी किती जण तिथे जाऊन बसले? ऑक्टोबरात दीक्षाभूमीच्या आसपास गाण्यांचे स्टॉल लागतात, दिवसरात्र वाजत असतात. किती जणांनी तिथून एक तरी कॅसेट घेतली? शिवाय बैठकीच्या दारातच परीक्षा घ्यायची खोड. नव्या पोरानं नॉफ्लर आवडतो म्हटलं की लगेच, ‘मनी फॉर नथिंगच्या पुढचं काय ऐकलंस?’ इंग्रजी उच्चार चुकला की ओठांच्या कोपऱ्यात हसू. हा माज होता आणि अजून पुरता गेलेला नाही. विरोधकांनी एवढंच म्हटलं असतं, तर मी त्यांच्या बाजूनं उभा राहिलो असतो.

पण वर्गाचा दोष दाखवून ते थांबत नाहीत, त्यातून थेट संगीताला दोषी ठरवतात. तिथे गाडी रुळावरून घसरते. हॉस्टेलात नॉफ्लर रुजवला तो काही फक्त कॉन्व्हेंटच्या पोरांनी नव्हे. आरमोरी, पुसद, दिग्रसहून आलेली, पहिल्या सत्रात इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर लपणारी पोरं त्यात होती. त्यांना शब्द कळत नव्हते, बोटं कळत होती. हा माणूस पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, वापरत नाही. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांनी तारा छेडतो. मूळचा डावरा, पण गिटार उजव्या हातानं वाजवतो. हे सगळं कानानं ओळखता येतं. एका बैठकीत कॉलेजातला एक पोरगा ‘सुलतान्स ऑफ स्विंग’चा शेवटचा तुकडा झरझर वाजवत होता. स्वर जागच्या जागी, वेगही चोख, तरी सगळं पत्र्यासारखं वाजत होतं. शेजारी बसलेल्या काकांनी त्याच्या हातातला पिक काढून स्वतःच्या खिशात टाकला. ‘आता वाजव.’ पोरगा अडखळला, वेग निम्म्यावर आला. पण बोटाचं मांस तारेवरून निसटताना जो एक दबका, पाठोपाठ टचकन तुटणारा आवाज येतो तो पहिल्यांदा आला, आणि खोलीतली कुजबुज थांबली. काकांनी पिक परत दिला तो घरी जाताना. या शिक्षणाला फी नव्हती आणि कॉन्व्हेंटचा दाखलाही लागला नव्हता.

‘संगीताला भाषा नसते’ म्हणणाऱ्यांना इथे थोडा दिलासा मिळेल, पण क्षणभरच. पहिल्यांदा ऐकायला भाषा लागत नाही. दहाव्यांदा ऐकायला लागते. ‘मनी फॉर नथिंग’ घ्या. त्या गाण्यात बोलणारा नॉफ्लर नाहीच. घरगुती उपकरणांच्या दुकानात फ्रिज-टीव्ही उचलणारा एक कामगार टीव्हीवरच्या गायकांकडे बघून जळफळतो आहे : यांना फुकटचा पैसा, आणि आम्ही ओझी वाहतो. ते बोलणं नॉफ्लरनं अशाच एका दुकानात ऐकलेलं. त्यात त्या कामगाराच्या तोंडी समलिंगी पुरुषांसाठीची एक शिवीही आहे, आणि तिच्यावरून 2011 मध्ये कॅनडात ते गाणं रेडिओवर लावावं की नाही असा वाद थेट प्रसारण परिषदेपर्यंत गेला. पात्राची भाषा ही कवीची भाषा मानायची का? कामगाराचा राग दाखवताना त्याचा द्वेषही दाखवायचा का? हे प्रश्न आपल्याकडे दलित आत्मकथनांच्या आणि ग्रामीण कथेच्या निमित्तानं शिव्यांवरून झालेल्या वादांचे सख्खे भाऊ आहेत. भाषा नसते म्हटलं की हा सगळा ऐवज हातातून जातो. उरते ती गिटारची सुरावट आणि मान डोलावणं.

आणि मग ते चौदा मिनिटांचं गाणं, ‘टेलिग्राफ रोड’, 1982 चं. एक माणूस पाठीवर गाठोडं घेऊन रानातून चालत येतो, एका जागी थांबतो, झोपडी बांधतो. मग बाकीचे येतात. चर्च, शाळा, वकील, कायदे, रेल्वे, खाणी. वाट रस्ता होते, रस्ता सहापदरी होतो. आणि मग कामं जातात. गाणं शांतपणे सुरू होतं आणि शेवटच्या काही मिनिटांत गिटार अक्षरशः अंगावर येते. नॉफ्लरला ते सुचलं अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या त्याच नावाच्या रस्त्यावरून जाताना. आता हे गाणं नागपुरात ऐका. गोंड राजा बख्त बुलंद शहानं 1702 च्या सुमारास बारा खेडी जोडून वसवलेलं गाव. मग भोसले, मग इंग्रज. 1867 मध्ये रेल्वे आली. 1 जानेवारी 1877 ला, व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली त्याच दिवशी, जमशेदजी टाटांची कापडगिरणी सुरू झाली आणि तिचं नाव पडलं एम्प्रेस मिल. शहर तिच्या भोंग्यावर उठायचं. मध्य प्रांताची राजधानी असण्याचा तोरा होता, तो 1956 मध्ये गेला. या शतकाच्या तोंडाशी गिरणीही कायमची बंद पडली, आणि आज त्या जागेवर मॉल उभा आहे. ज्याचा बाप तिथे लूमवर होता आणि जो स्वतः आता त्याच जागी सरकत्या जिन्यानं वर जातो, त्याला चौदा मिनिटं कशाची आहेत हे समजावून सांगावं लागत नाही. त्याला इंग्रजी ओळींचा अर्थ तेवढा कोणीतरी सांगावा लागतो. सांगणारा भेटला की हे गाणं मिशिगनचं राहतं आणि नागपूरचंही होतं, आणि दोन्ही एकाच वेळी असण्यात मला तरी काही विसंगती दिसत नाही.

असंच एकदा ‘सेलिंग टु फिलाडेल्फिया’ लागलं होतं. जेम्स टेलरबरोबरचं, 2000 सालचं. चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन या दोन इंग्रज मोजणीदारांचं ते गाणं. त्यांनी 1763 ते 1767 या काळात पेनसिल्व्हेनिया आणि मेरिलँडची हद्द आखली, आणि तीच रेषा पुढे गुलामगिरीची राज्यं आणि मुक्त राज्यं यांच्यातली सीमा म्हणून ओळखली गेली. डिक्सन नॉफ्लरच्याच मुलखातला, कोळशाच्या पट्ट्यातला. चाहत्यांची चर्चा अर्थातच दोन आवाजांच्या फरकाकडे वळली. तेवढ्यात वऱ्हाडात नोकरी झालेले एक निवृत्त भूकरमापक, जे मुळात पुतण्याला घ्यायला आले होते आणि चहासाठी टेकले होते, त्यांनी विचारलं, ‘त्यांची साखळी किती फुटांची होती?’ कोणालाच सांगता येईना. मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली. इंग्रज मोजणीदाराची साखळी 66 फुटांची. आपली शंकू साखळी बरोबर तिच्या अर्धी, 33 फुटांची, तिचे 16 आणे. आणि त्या साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. ‘तुमच्या बापजाद्यांचं वावर याच साखळीनं मोजलं,’ ते म्हणाले, ‘अन् भांडणंही हिनंच लावली.’ त्या रात्री पुढे तासभर विषय झिरो माइलच्या, म्हणजे इंग्रजांच्या मोजणीतल्या नागपूरच्या दगडाचा, मोजणीच्या राजकारणाचा आणि बांधावरच्या खुनांचा झाला. नॉफ्लर बाजूलाच राहिला. झिरो माइलवरून रोज गाडी हाणणाऱ्या तिथल्या किती जणांनी त्याआधी त्या दगडाचा पाच मिनिटं तरी विचार केला होता?

आता व्यक्तिपूजेचा आक्षेप. या शहरात तो घेतला जातो तेव्हा बाबासाहेबांचं वाक्य हटकून येतं, आणि यायलाच हवं. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत त्यांनी बजावलं होतं की राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. पण वाक्य घ्यायचं तर पूर्ण घ्यावं. धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, असं त्यांनी त्याच दमात म्हटलं आहे. त्यांचा रोख राजकारणातल्या विभूतिपूजेवर होता. कारण उघड आहे. पुढाऱ्याच्या पायावर स्वातंत्र्य वाहिलं तर तो ते वापरतो. गिटारवाल्याच्या हातात ना पोलीस, ना तिजोरी. तरीही आक्षेपात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. जानेवारी 2024 मध्ये लंडनच्या ख्रिस्टीजमध्ये नॉफ्लरच्या गिटारांचा लिलाव झाला आणि 88 लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. त्यातला चौथा हिस्सा त्यानं धर्मादाय संस्थांना दिला, हे खरं. पण लाकूड आणि तारा एवढ्या मोलानं विकत घेणाऱ्याला संगीत हवं होतं की अवशेष? हा बुद्धाच्या दातासारखा मामला झाला. आमच्याकडेही एक महाभाग आहेत, ज्यांच्या घरी सगळ्या रेकॉर्डी सीलबंद आहेत. ऐकायला फोन वापरतात! मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. मला एवढंच दिसतं की जिथे चाहते एकत्र बसतात तिथे ही पूजा टिकत नाही. कोणीतरी म्हणतोच की नव्वदनंतरचे निम्मे अल्बम झोप आणणारे आहेत, की त्याचा आवाज म्हणजे निव्वळ पुटपुट आहे. लगेच तीन जण अंगावर येतात. भक्त एकटा असतो तेव्हाच जास्त धोकादायक असतो.

वयाचा मुद्दा मला जास्त अवघड वाटतो. म्हाताऱ्या कलावंतावरचं प्रेम हे खरं म्हणजे स्वतःच्या तारुण्यावरचं प्रेम असतं, असं विरोधक म्हणतात. पुष्कळांच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे. आणि त्यातलं क्रौर्य मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. बालगंधर्वांचं काय झालं? 1888 चा जन्म. साठी ओलांडल्यावरही ते सिंधू, भामिनी, रुक्मिणी होऊन उभे राहत होते. कर्ज हे कारण होतंच, पण चाहत्यांना तेच हवं होतं हेही कारण होतं. सूर लागला की लोक सुरकुत्या विसरायचे, हे आपण अभिमानानं सांगतो. एका थकलेल्या पुरुषाला आपण शालूतून बाहेर पडू दिलं नाही, हे नाही सांगत. रसिकता म्हणून जे मिरवलं त्यात थोडा हट्ट होता, थोडी हिंसाही होती.

नॉफ्लरच्या बाबतीत चाहत्यांना तो हट्ट करताच आला नाही, कारण त्यानंच करू दिला नाही. 1991-92 च्या दौऱ्यात दोनशेच्या वर कार्यक्रम झाले, स्टेडियमं भरली, आणि त्यानंतर त्यानं डायर स्ट्रेट्स हळूहळू मिटवून टाकलं. 1995 मध्ये बँड संपला. पुन्हा एकत्र या म्हणून पैशाच्या राशी दाखवल्या गेल्या असतील. तो गेला नाही. 2018 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश झाला, त्या समारंभालाही गेला नाही. 2005 मध्ये मुंबई-बंगळुरूला येऊन वाजवून गेला, तेव्हा विदर्भ एक्स्प्रेसनं जाऊन ऐकलेले लोक अजून ती रात्र सांगतात. 2019 नंतर दौरे थांबवले. 2024 चा त्याचा अल्बम ऐका : आवाज खाली गेला आहे, वेग मंदावला आहे, आणि त्यानं ते लपवलेलं नाही. जो चाहता हा अल्बमही लावतो, त्यावर चार शब्द बोलतो, त्याच्यावर स्मरणरंजनाचा आरोप चिकटत नाही. जो 1985 च्या पुढे सरकत नाही त्याच्यावर चिकटतो, आणि त्यानं तो मुकाट घ्यावा.

राहिला ‘घरचं मरतंय’ हा आक्रोश. दंडारीची अवस्था वाईट आहे, हे कबूल. पण तिच्यातूनच वाढलेली पूर्व विदर्भातली झाडीपट्टी रंगभूमी मेलेली नाही. दिवाळी झाली, मंडईच्या जत्रा आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, सुरू झाल्या की वडशाच्या नाटक कंपन्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत रात्र-रात्र नाटकं करतात, आणि लोक तिकीट काढून, थंडीत गोधडी घेऊन बसतात. त्या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. सवाल असा आहे की हा आक्रोश करणाऱ्या नागपूरकरांपैकी कितीजण वडशाला गेले आहेत? ज्या संध्याकाळी नॉफ्लर ऐकला नाही, त्या संध्याकाळी हा माणूस दंडारीला गेला असता असं मानायला आधार काय? आणि झाडीपट्टीचे वादक स्वतः काय वाजवतात? ऑर्गन आणि ऑक्टोपॅड. त्यांना परदेशी वाद्यांची भीती वाटत नाही. ती वाटते शहरातल्या संस्कृतिरक्षकांना. ही भीती जुनीच आहे. पेटी, जिच्याशिवाय आपलं कीर्तन, नाट्यपद, भजन, भीमगीत उभं राहत नाही, ती पॅरिसच्या अलेक्झांडर डेबँची. त्यानं 1842 मध्ये तिचं पेटंट घेतलं. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओनं ती परकी आणि आपल्या श्रुतींना अपुरी म्हणून हद्दपार केली, आणि ती बंदी सैल व्हायला तीन दशकं लागली. श्रुतींचा मुद्दा शास्त्राच्या दृष्टीनं चुकीचा नव्हता. तरी गावोगावच्या भजनी मंडळांनी तो ऐकला का?

बाहेरच्या गाण्यावर गावानं बसून प्रेम केलं की काय होतं, याचं उदाहरण देशातच आहे. शिलाँगमध्ये लू माजॉ हे गायक 1972 पासून दर 24 मेला बॉब डिलनचा वाढदिवस गाऊन साजरा करतात. अर्धं शतक उलटलं. डिलन तिथे काही आला नाही, पण शिलाँगच्या पोरांना वाजवायला एक तारीख मिळाली. तिथे मिशनरी शाळा होत्या, इंग्रजी होतं, चर्चमधलं समूहगान होतं, नागपूरची गोष्ट वेगळी, असं कोणी म्हणेल. बरोबर. मग नागपूरचंच घेऊ. मूर्तिजापूरला 1920 मध्ये जन्मलेले वसंतराव देशपांडे या शहरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले, पण त्यांच्या गळ्यात भिनले ते दीनानाथ मंगेशकर. पुढे लाहोरला जाऊन मारवा घेऊन आले. एकाच घराण्याचा शिक्का नाही म्हणून शुद्धतावाद्यांनी त्यांना किती वर्षं ताटकळत ठेवलं, हे जुन्या माणसांना आठवत असेल. दुरून ऐकून, वेड्यासारखं प्रेम करून, ते पचवून आपलं काहीतरी काढणं हा या शहराचा वारसा आहे, आणि सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला आज त्यांचंच नाव आहे. नॉफ्लर ऐकणारा प्रत्येक जण वसंतराव होणार नाही, हे उघड आहे. दीनानाथ ऐकणारा तरी प्रत्येक जण कुठे झाला?

सभागृहाच्या सवलतीचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचं उत्तर गाण्याच्या जन्मदाखल्यावर ठरू नये. धुराची यंत्रं, प्रायोजकांचे फलक आणि हजाराचं तिकीट लावून कोणी नकलाकार बँड आणणार असेल, तर त्यानं पूर्ण भाडं भरावं, मग तो नॉफ्लर गाओ नाहीतर नाट्यपदं. चाहते स्वतः वाजवणार असतील, गाण्यांचा अर्थ मराठीत सांगणार असतील, दार सगळ्यांना उघडं असेल आणि दारात परीक्षा नसेल, तर त्यांना तीच सवलत मिळावी जी कोणत्याही संगीतमंडळाला मिळते. आणि त्याच तारखेला झाडीपट्टीची एखादी कंपनी नागपुरात येत असेल, तर सभागृह बेलाशक तिला द्यावं. तिथे भाकरीचा प्रश्न आहे, चाहत्यांना पुढचा शनिवार चालतो. त्या रात्री तिकिटाच्या रांगेत हे चाहते दिसले नाहीत, तर विरोधकांनी हा लेख खुशाल त्यांच्या तोंडावर मारावा. फक्त तो मारायला तरी विरोधक रांगेत हजर असले पाहिजेत.